जुन्या गाडीचा विटलेला रंग हाताने कसा उजळावा

बॉनेटवरून कोरडे बोट फिरवल्यावर बोटाला खडूसारखी पूड लागत असेल, तर त्या गाडीचा रंग वरून मेलेला आहे. मात्र तो खालपर्यंत मेलेला आहे की नाही, हे तेवढ्यावरून कळत नाही. ते ठरवल्याशिवाय कंपाउंडच्या, म्हणजे रंग घासून काढणाऱ्या खरखरीत पेस्टच्या, डब्याला हात लावू नये, कारण पॉलिश हाताने केलेली असो वा यंत्राने, ती रंगावर काही चढवत नाही, तर रंगातलेच थोडे काढून घेते. कारखान्यातून आलेल्या रंगाची सगळ्या थरांसह जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या दीड-दोन केसांएवढी. आणि ज्या गाडीला वरून पारदर्शक थर दिलेला असतो, तिच्यावरचा तो थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचाच असतो. एवढ्याशा शिलकीतून आज किती खर्च करायचे आणि पुढच्या वर्षांसाठी किती राखायचे, हा या कामातला खरा प्रश्न आहे.

हा लेख घरच्या लाल मारुती ८०० वर केलेल्या कामाच्या आधारे लिहिला आहे. १९९८ सालची ही गाडी रत्नागिरीत अंगणात, डोक्यावर छप्पर नसताना, बरीच वर्षे उभी होती. दारे बऱ्यापैकी लाल राहिली होती, बॉनेट गुलाबी झाले होते आणि टप जवळजवळ पांढरट पडला होता. असा फरक बहुतेक जुन्या गाड्यांत दिसतो, कारण आडवे पत्रे दिवसभर ऊन घेतात, दवाचे आणि पावसाचे पाणी त्यांच्यावर साचून वाळते, आणि वैशाखात ते इतके तापतात की त्यांवर हात ठेववत नाही.

विटणे म्हणजे नेमके काय

गाडीचा रंग म्हणजे राळेत घट्ट बसवलेली रंगद्रव्याची अत्यंत बारीक पूड. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू मिळून वरच्या भागातली राळ हळूहळू तोडतात. राळ गेली की पूड मोकळी होते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्यावर पडणारा प्रकाश आरशावरून परतावा तसा न परतता सगळीकडे विखुरतो. डोळ्यांना दिसणारा पांढरटपणा बऱ्याच अंशी या विखुरण्याचा असतो. म्हणूनच पावसात भिजलेली जुनी गाडी क्षणभर नवी वाटते. पाण्याने खळगे भरलेले असतात आणि पृष्ठभाग तात्पुरता सपाट झालेला असतो. खोबरेल तेलाचा, डिझेलचा किंवा रॉकेलचा हात मारून गाडी चमकवण्याच्या जुन्या सवयीमागचे गुपितही एवढेच आहे. तेल उडून गेले की खळगे पुन्हा उघडे पडतात, आणि मधल्या काळात तेलावर बसलेली धूळ पुढच्या पुसण्यात रंगावर चरे पाडते.

यापुढचा प्रश्न गाडीचा रंग एकथरी आहे की त्यावर क्लिअर कोट आहे, हा आहे. गॅरेजात क्लिअर कोटला सर्रास ‘लॅकर’ म्हणतात. एकथरी रंगात रंगद्रव्य सर्वांत वरच्या थरातच असते, त्यामुळे मेलेली पूड घासून काढली की खालचा जिवंत रंग लगेच वर येतो. क्लिअर कोट असलेल्या गाडीत रंग खाली आणि वर पारदर्शक कवच अशी रचना असते. तिथे आपण घासतो ते फक्त कवच, आणि ते संपले की खालच्या रंगाला संरक्षण उरत नाही. विटलेला एकथरी रंग हाताने उजळणे सोपे आणि समाधानाचे काम आहे, तर क्लिअर कोटवर हाताने मिळणारा फरक मर्यादित असतो. ही अपेक्षा आधीच मनाशी पक्की असावी.

घासण्याआधीच्या परीक्षा

स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन धुतलेल्या बॉनेटच्या कोपऱ्यात हलक्या हाताने पंधरा-वीस वेळा फिरवावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर रंग एकथरी आहे. नुसता मळकट डाग उतरला आणि गाडीचा रंग आला नाही, तर वर क्लिअर कोट आहे. गाडी पांढरी असेल, तर हीच परीक्षा काळ्या फडक्यावर आणि पांढरे नसलेले पॉलिश घेऊन करावी, नाहीतर उतरलेला रंग दिसणारच नाही. आमच्या गाडीचे फडके पहिल्या पाच-सात हातांतच कुंकवाने माखल्यासारखे झाले, आणि त्या क्षणी माझी अर्धी चिंता मिटली.

दुसरी परीक्षा पाण्याची. विटलेल्या जागेवर ओले फडके फिरवावे. ओल्यापणी रंग गडद आणि एकसारखा दिसला, तर खाली रंग शिल्लक असण्याची शक्यता चांगली आहे. मात्र या परीक्षेवर एकटीवर विसंबू नये, कारण क्लिअर कोट तुटल्याने पडलेले पांढरे चट्टेही ओले असताना बऱ्याचदा दिसेनासे होतात आणि वाळल्यावर परत येतात. अशा चट्ट्याच्या कडेवरून नख फिरवावे. कडेला पायरी लागली, पापुद्रा उचलला गेला किंवा चट्टा नकाशातल्या बेटासारखा स्पष्ट हद्दीचा दिसला, तर तिथला थर खालून सुटलेला आहे. त्यावर जगातले कोणतेही पॉलिश चालत नाही. तो भाग खरवडून पुन्हा रंगवावाच लागतो. हे पॉलिशचे चार डबे संपवल्यानंतर कळण्यापेक्षा पहिल्या दहा मिनिटांत कळलेले बरे.

चऱ्यांचीही अशीच परीक्षा घ्यावी. चऱ्यावरून आडवे नख नेले आणि ते अडकले, तर तो चरा पॉलिशने जाण्यापलीकडचा आहे, फार तर त्याच्या कडा मऊ होऊन तो कमी खुपेल. शेवटची परीक्षा लोहचुंबकाची. फ्रिजवर लावायचे चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर सगळीकडे टेकवावे. जिथे ते नीट धरत नाही, तिथे खाली पुट्टी आहे आणि तो भाग कधीतरी डेंटिंग-पेंटिंगला जाऊन आलेला आहे. गॅरेजात दिलेला रंग कारखान्याच्या रंगापेक्षा मऊ, जाड, पातळ, कसाही असू शकतो, म्हणून तो भाग वेगळा धरून सर्वांत हलक्या हाताने करावा. प्लास्टिकच्या बंपरवर अर्थातच ही परीक्षा लागू पडत नाही.

पत्र्यावर गंजाचे ठिपके असतील, तर त्यांची व्यवस्था पॉलिशच्या आधी लावावी. समुद्रकाठच्या गावांत खारी हवा रंग उडालेल्या एखाद्या टिचीतून आत शिरते आणि रंगाखालून गंज पसरवत नेते. ठिपका बारीक वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरने) पत्रा दिसेपर्यंत साफ करून त्यावर प्रायमर आणि टचअपचा रंग द्यावा. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत इंजिनच्या कप्प्यातील किंवा दाराच्या चौकटीतील पट्टीवर असतो, पण विटलेल्या गाडीवर कोडानुसार आणलेला रंग गडदच दिसणार, हे धरून चालावे. टचअप किमान आठवडाभर वाळू द्यावा आणि त्यानंतरही त्या ठिपक्यावर कंपाउंड रगडू नये.

सामान

दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा, पुसण्यासाठी मायक्रोफायबरची किमान दहा फडकी, एक क्ले बार (चिकटलेला मळ ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी), एक इंच रुंदीची मास्किंग टेप, मध्यम कटचे रबिंग कंपाउंड, फिनिशिंग पॉलिश, वॅक्स, फोमचे पाच-सहा गोल अ‍ॅप्लिकेटर आणि एक चांगला एलईडी टॉर्च एवढे सामान पुरते. फडक्यांची लेबले कापून टाकावीत, कारण लेबलाची कडक कडा मऊ रंगावर रेघ ओढते. फडके जमिनीवर पडले की ते त्या दिवसापुरते बाद समजावे. ही फडकी घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळी धुवावीत आणि त्यांना फॅब्रिक कंडिशनर लावू नये. त्याचा थर धाग्यांवर बसला की फडके पाणी आणि पॉलिश शोषेनासे होते.

कंपाउंड घेताना हार्डवेअरच्या दुकानातला सर्वांत कडक, जाडाभरडा डबा उचलण्याचा मोह टाळावा. तो प्रकार बहुधा नव्याने फवारलेल्या रंगावर वॉटर पेपर मारल्यानंतर, फिरत्या यंत्राने वापरण्यासाठी असतो. हाताने त्याचे चरे मिटवता येत नाहीत. रबिंगची परंपरा मात्र मोटारींच्या रंगाइतकीच जुनी आहे. ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला, तेव्हा रंग वाळण्याचा काळ दिवसांवरून तासांवर आला, पण त्याला चमक आणण्यासाठी तो घासावा लागे. आपल्याकडचे सुतार लाकडी कपाटाला आजही ‘ड्यूको मारू का’ असे विचारतात, तो शब्द तिथलाच.

टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, कपडे धुण्याची पावडर आणि भांड्यांचा साबण यांना या कामात जागा नाही. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात हे खरे, पण ते दातांसाठी आहेत, आणि कोणत्या नळीत किती खरखरीत हे रंगाच्या दृष्टीने कोणी ठरवलेले नसते.

धुणे

काम सावलीत आणि पत्रा थंड असताना करावे. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी उत्तम. कोकणात तर पावसाळ्यात हे काम हाती घेऊच नये, कारण हवेतील दमटपणामुळे वॅक्स नीट वाळत नाही आणि फडक्याला गोळे होऊन चिकटते. डिसेंबरमधली सकाळ, दव पुसून वाळल्यानंतरची, मला सर्वांत सोयीची वाटली.

आधी नुसत्या पाण्याने सुटी माती वाहू द्यावी. मग एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घेऊन, हातमोजा शाम्पूत बुडवून एक पत्रा धुवावा, साध्या पाण्यात तो पिळून माती काढावी आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावा. वरून खाली यावे, म्हणजे टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि सर्वांत शेवटी खालच्या कडा. सोसायटीत पहाटे एकाच बादलीत आणि एकाच पिवळ्या फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर फिरते. टॉर्चच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे गोल चरे बहुतेक तिथूनच येतात.

बोअरचे पाणी जड असेल, तर ते गाडीवर वाळू देऊ नये. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके मागे राहतात. आधीच बसलेले ठिपके पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, फडक्याने मिनिटभर लावून, लगेच भरपूर पाण्याने धुतल्यास बरेचसे निघतात. जे त्यानंतरही राहतात, त्यांनी रंग कोरलेला असतो आणि त्यांचा विचार कंपाउंडच्या वेळी करायचा.

चिकटून बसलेला मळ

धुतलेल्या पत्र्यावरून पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवावीत. पिशवीमुळे स्पर्श अधिक स्पष्ट होतो, आणि डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. ही खरखर डांबराचे शिंतोडे, झाडांचा चीक, बांधकामाची धूळ आणि लोखंडाचे सूक्ष्म कण यांची असते. रेल्वेमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर चाकांचे आणि ब्रेकचे लोखंड विशेष बसते. कोकणात आणखी एक प्रकार आहे. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकट स्राव झाडाखालच्या गाडीवर बारीक थेंबांनी पडतो आणि वाळला की त्यावर काळी बुरशी धरते. तो कोमट पाण्याचे फडके पाच मिनिटे ठेवून मऊ करावा, खरवडू नये.

डांबरासाठी टार रिमूव्हर मिळतो. तो नसेल, तर फडक्याच्या टोकावर अगदी थोडे रॉकेल घेऊन ठिपका पुसावा आणि ती जागा लगेच शाम्पूने धुवावी. थिनर मात्र एकथरी रंगावर चुकूनही वापरू नये, तो रंगच विरघळवतो.

उरलेली खरखर क्ले बारने काढावी. बारचा एक तुकडा हातात मळून चपटा करावा, पत्र्यावर शाम्पूचे पाणी भरपूर फवारावे आणि क्ले जवळजवळ वजन न देता सरळ रेषेत मागे-पुढे फिरवावी. सुरुवातीला ती अडखळते, आवाज येतो. कण निघाले की गुळगुळीत सरकू लागते. मळलेला भाग आत घडी करून नवा भाग वर आणावा. क्ले जमिनीवर पडली, तर दुःख न करता फेकून द्यावी, कारण तिला चिकटलेली वाळू बाहेर काढता येत नाही. फार विटलेल्या एकथरी रंगावर क्ले काही मिनिटांत रंगाने माखते. तिथे ती फक्त खरखर जाईपर्यंत वापरावी, बाकीचे काम कंपाउंडचे आहे.

यानंतर गाडी पूर्ण वाळवून रबरी बीडिंग, काळे प्लास्टिक, अक्षरे, वॉशरच्या नळ्या आणि दारांच्या मुठींभोवती मास्किंग टेप लावावी. काळ्या प्लास्टिकच्या खडबडीत पृष्ठभागात वाळलेले पांढरे पॉलिश महिनोन्‌महिने निघत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बॉनेटच्या कडा आणि पत्र्याच्या उठावदार रेघा टेपने झाकाव्यात. फवारलेला रंग धारेवरून दोन्ही बाजूंना ओघळतो, त्यामुळे तिथे थर सर्वांत पातळ असतो, आणि घासताना सगळे वजन नेमके त्या धारेवर येते. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात याच गाडीचे बॉनेट यंत्राने ‘रबिंग’ करून दिले होते. घरी आणल्यावर पुढच्या कडेला बोटभर लांबीचा करडा प्रायमर उघडा पडलेला दिसला. हाताने काम करण्याचा निर्णय त्या दिवशीचा आहे.

चाचणीचा चौकोन

बॉनेटच्या मध्यभागी टेपने एक फूट बाय एक फुटाचा चौकोन आखावा आणि सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करावी. आधी फक्त फिनिशिंग पॉलिश दोन वेळा करून पाहावे. त्याने पुरेसा फरक पडला, तर कंपाउंडची गरज नाही, आणि तेवढा रंग वाचला. फरक अपुरा वाटला, तरच त्याच चौकोनात कंपाउंड वापरावे. चौकोन पुसून टेप काढली की आतला आणि बाहेरचा फरक उघड दिसतो, आणि संपूर्ण गाडीसाठी किती हात लागतील याचा अंदाज येतो. आमच्या बॉनेटला कंपाउंडचे दोन हात आणि पॉलिशचा एक हात लागला. दारांना नुसते पॉलिश पुरले. सगळ्या गाडीला एकच मात्रा देण्याचे कारण नाही.

हात कसा चालवावा

अ‍ॅप्लिकेटरवर पहिल्यांदा कंपाउंड पसरून फोम किंचित ओला करावा, कारण कोरडा फोम रंगाला ओढतो. त्यानंतर प्रत्येक वेळी हरभऱ्याएवढे तीन थेंब पुरतात. एका वेळी एक फुटाचाच चौकोन घ्यावा. आधी हलक्या हाताने कंपाउंड सगळीकडे पसरावे, मग मध्यम दाबाने गाडीच्या लांबीच्या दिशेने सरळ, एकमेकांवर अर्धे येणारे पट्टे ओढावेत, आणि नंतर तसेच रुंदीच्या दिशेने. दीड-दोन मिनिटांत कंपाउंडचा थर पातळ आणि अर्धपारदर्शक होतो. शेवटचे आठ-दहा पट्टे जवळजवळ दाब न देता लांबीच्या दिशेनेच ओढावेत आणि वाळण्याआधी स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावे.

गोल गोल फिरवण्याची सवय हाताला उपजत असते, पण हाताने पाडलेला गोल चरा कोणत्याही दिशेने आलेल्या उजेडात दिसतो, तर सरळ चरा एकाच कोनातून दिसतो. दाब देताना बोटांची टोके रोवू नयेत, नाहीतर चार बोटांचे चार पट्टे उमटतात. तळव्याने दाबावे किंवा अ‍ॅप्लिकेटर एखाद्या मऊ स्पंजावर बसवून धरावा, म्हणजे वजन सारखे पसरते.

एकथरी रंगावर अ‍ॅप्लिकेटर दोन चौकोनांतच मेलेल्या रंगाने भरून जातो आणि मग तो घासण्याऐवजी नुसता सारवू लागतो. म्हणून त्याची बाजू वारंवार बदलावी आणि दर तीन-चार चौकोनांनी नवा घ्यावा. जुने शाम्पूत धुऊन वाळत घालावेत. फडक्याचेही तसेच, त्याची घडी घालून आठ बाजू करून घ्याव्यात. फडक्यावर रंग येणे ही एकथरी रंगात स्वाभाविक गोष्ट आहे, त्याला घाबरू नये. क्लिअर कोटच्या गाडीवर मात्र फडक्यावर गाडीचा रंग दिसला, तर त्याच क्षणी थांबावे, कारण कवच तिथे संपलेले आहे.

प्रत्येक चौकोनानंतर टॉर्च तिरपा धरून पाहावे. दिवसाच्या पसरट उजेडात सगळे उत्तम दिसते आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली सगळे उघडे पडते. दोन हातांनंतर जो चरा किंवा डाग राहिला, त्यासाठी तिसरा हात देण्याआधी मी स्वतःला विचारले की हा डाग दोन पावलांवरून दिसतो का. बहुतेक वेळा दिसत नव्हता. पक्ष्यांच्या विष्ठेतील आम्लाने कोरलेले वर्तुळ किंवा जुन्या पाण्याच्या ठिपक्याची तळाशी राहिलेली कडा मिटवण्यासाठी भोवतालचा सगळा रंग त्या खोलीपर्यंत उतरवावा लागतो, आणि तो सौदा क्वचितच परवडतो. याच कारणासाठी वॉटर पेपर वापरून चरे काढण्याचे चलचित्र पाहून ते घरी करू नये. दोन हजार नंबरचा पेपरही काही मिनिटांत जेवढा थर नेतो, तेवढा हाताच्या पॉलिशला कैक हात लागतील, आणि पेपरने मंद झालेला पत्रा निव्वळ हाताने पुन्हा चमकवणे फार अवघड आहे.

वेळेचा अंदाज असावा म्हणून सांगतो: बॉनेटला दोन तास, टपाला तीन तास आणि संपूर्ण गाडीला दोन शनिवार-रविवार लागले. खांदा दुखू लागला की हाताचा दाब असमान होतो, म्हणून दिवसाला दोन पत्र्यांपेक्षा अधिक घेऊ नयेत.

कंपाउंडनंतर गडद रंगावर हलका धुरकटपणा राहतो. तो काढण्यासाठी फिनिशिंग पॉलिशचा हात, नव्या अ‍ॅप्लिकेटरने, निम्म्या दाबाने आणि त्याच पद्धतीने द्यावा. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला हा हात वगळला तरी फारसे बिघडत नाही. फार कोरड्या पडलेल्या एकथरी रंगाला तेलाचा अंश जास्त असलेले पॉलिश जाडसर लावून रात्रभर राहू दिल्यास सकाळी पुसताना रंगाची खोली वाढलेली जाणवते. आमच्या टपावर हा प्रयोग दोन रात्री केला आणि गुलाबी छटा स्पष्ट उतरली.

क्लिअर कोट असेल, तर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग पाणी यांनी पत्रा पुसून पॉलिशचे तेल काढावे, म्हणजे चरे खरोखर गेले की तेलाखाली लपले, ते कळते. एकथरी जुन्या रंगावर अल्कोहोल वापरू नये; तिथे शाम्पूने एकदा धुणे पुरे.

वॅक्स आणि पुढची निगा

उघडा पडलेला ताजा रंग तसाच ठेवला, तर काही महिन्यांत पुन्हा पांढरट पडू लागतो, म्हणून त्याच दिवशी वॅक्स लावावे. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळते. गडद एकथरी रंगावर त्याची झळाळी फार सुंदर दिसते, पण आपल्या उन्हात आणि पावसात ते थोडेच आठवडे टिकते. कृत्रिम सीलंट त्याहून बरेच जास्त टिकते, दिसायला थोडे कोरडे असते. मी टपाला आणि बॉनेटला सीलंट लावतो आणि दारांना कार्नौबा. थर शक्य तितका पातळ असावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसायला त्रास होतो. बोट फिरवल्यावर खालचा रंग स्वच्छ दिसला की पुसायची वेळ झाली. पाऊस पडल्यावर पाण्याचे टपोरे गोल थेंब उभे राहण्याऐवजी पाणी सपाट पसरू लागले, की पुढचा हात द्यावा.

पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्यावर ओले फडके पाच मिनिटे ठेवून ती उचलून घ्यावी. जांभळाच्या दिवसांत तर हे रोजचे काम होते. धूळ बसलेल्या गाडीवर कापडी कव्हर घालू नये, वाऱ्याने ते हलत राहते आणि पॉलिश पेपरचे काम करते. पावसाळ्यात ओल्या गाडीवर घातलेले कव्हर आत वाफ धरून ठेवते, ते तर अधिकच वाईट. कव्हरपेक्षा चार बांबू आणि पत्र्याची शेड कधीही बरी.

कंपाउंड पुन्हा किमान दोन-तीन वर्षे काढू नये. दरवर्षी पावसाळ्यानंतर एकदा धुणे, गरज असेल तिथे क्ले आणि वॅक्स एवढेच करावे. आमच्या टपाच्या मागच्या कडेला अजून चार बोटांचा गुलाबी पट्टा आहे. तिथे दुसऱ्या हातात लालमधून करडेपणा डोकावू लागला, तेव्हा मी अ‍ॅप्लिकेटर खाली ठेवला. त्या पट्ट्याला आता दर पंधरा दिवसांनी नुसते वॅक्स मिळते.